‘असो’च्या पुढचं वाक्य

बडोद्याच्या दांडिया बाजार भागात राहणाऱ्या एका आईंचं हे पत्र. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलून सारांश देते आहे.

मुलगा वीस वर्षांचा, महाराजा सयाजीराव विद्यापीठात कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षी एका स्थानिक संस्थेच्या शिबिराला जाऊन आला आणि तेव्हापासून सात-आठ मुलामुलींच्या गटाबरोबर एचआयव्ही रोखण्याचं काम करतो. आपल्याच वयाच्या मुलांशी बोलायचं, कंडोम द्यायचे, कुणाला तपासणी करायची असेल तर सोबत जायचं. घरी एवढंच ठाऊक होतं की तो ‘आरोग्याचं काहीतरी’ करतो. मग एके रविवारी गाडी धुताना वडिलांना स्कूटरच्या डिकीत निरोधची पाकिटं सापडली, शंभराच्या आसपास. वडील म्हणाले, हे बंद, नाहीतर गाडीची किल्ली इथे ठेव. धाकट्या जाऊबाईंनी त्याला कमाटीबागेपाशी ‘तसल्या लोकांबरोबर’ उभं पाहिलं आणि ते पोळभर, म्हणजे आमच्या गल्लीभर, झालं. रात्री एक-एक वाजता त्याला फोन येतात, तो गच्चीवर जाऊन बोलतो. आई विचारतात: हे काम डॉक्टरांचं नाही का? मुलांनी मुलांना असलं सांगितलं तर ती बिघडणार नाहीत का? रुग्णांत वावरून त्याला लागण होईल का? लोकांना काय सांगू, उद्या त्याचं लग्न जमवायचं आहे. आणि पत्राच्या शेवटी: ‘त्याला स्वतःलाच तर काही… असो. त्याला थांबवू का, एवढंच सांगा.’

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ‘असो’वर अडखळले. आपल्या भाषेत हा फार सोयीचा शब्द आहे. जे बोलवत नाही त्यावर तो पांघरूण घालतो. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न त्या पांघरुणाखाली आहे असं मला वाटतं. तिथे येते मी. पण आधी जे प्रश्न तुम्ही पुरते लिहिले आहेत त्यांच्याकडे बघू.

हे काम डॉक्टरांचं नाही का? मला माझ्या मामेभावाची गोष्ट सांगू दे. तो अहमदाबाद-मुंबई हायवेवर ट्रक चालवायचा. १९९७ साली त्याला अंगावर काहीतरी उठलं, ताप हटेना. तो डॉक्टरकडे गेला नाही, बायकोला सांगितलं नाही, आम्हा भावंडांपैकी कुणालाही नाही. त्यानं सांगितलं ते त्याच्या जोडीच्या ड्रायव्हरला. त्या मित्रानं जिवाभावानं त्याला एका माणसाकडे नेलं, तिथून पुड्या आणल्या, आणि ‘रक्त साफ होईल, कुणाला बोलू नकोस’ असं बजावलं. दोन वर्षांनी भाऊ गेला. घरात टीबी सांगितला गेला. त्याचं ताट, वाटी, तांब्या वेगळे ठेवले होते आणि तो गेल्यावर ते भांडीवालीलासुद्धा दिले नाहीत, पुरून टाकले. त्या ड्रायव्हरवर माझा राग नाही. त्याच्यापाशी जे होतं ते त्यानं दिलं. माझा भाऊ मदत मागायला गेला होता, ताई. योग्य माणसाकडेच गेला होता, आपल्या बरोबरीच्या, आपल्याला न हसणाऱ्या माणसाकडे. फक्त त्या माणसाच्या हातात काही नव्हतं.

म्हणून ‘मुलांनी मुलांना सांगायचं का’ हा प्रश्नच मला थोडा चुकीच्या जागी वाटतो. मुलं मुलांना सांगतातच. हॉस्टेलच्या खोलीत, चहाच्या टपरीवर, हल्ली मोबाईलवर. विशीतला मुलगा अशी गोष्ट आधी आईला सांगेल, मग वडिलांना, मग डॉक्टरांना, असं आपण धरून चालतो. तुम्ही स्वतः विशीत असताना पाळीची अडचण पहिल्यांदा कुणाला सांगितली होती, आठवून बघा. तुमचा मुलगा नवं काही करत नाहीये. तो तोच ड्रायव्हर मित्र आहे, फक्त त्याला शिकवून तयार केलेलं आहे. त्याच्या हातात पुडी नाही, सयाजी हॉस्पिटलचा रस्ता आहे.

आणि ही पद्धत कुणा पोरांनी काल काढलेली नाही. १९८६ साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, आपल्या देशातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतर बरीच वर्षं भिंतीवर सापळे आणि कवट्या रंगवून लोकांना घाबरवण्यातच गेली. घाबरलेला माणूस लपतो, तपासणीला येत नाही. १९९२ साली कोलकात्याच्या सोनागाछीत, देहविक्रयाच्या वस्तीत, डॉ. स्मरजित जाना यांनी वस्तीतल्या बायकांनाच शिकवून कामाला घेतलं. बाहेरून गेलेल्या डॉक्टरसमोर जी बाई दार लावून घेते, ती शेजारणीला आत बोलावते, हे त्यांना दिसलं होतं. त्याच साली आपल्या सांगलीत मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ या संस्थेनं देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केलं. कंडोम वाटणाऱ्या त्याच, समजावणाऱ्या त्याच, आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद या नावानं संघटना उभी करणाऱ्याही त्याच. शहाणपण डॉक्टरांकडून आलं, पण ते दाराच्या आत नेलं शेजारणीनं. पुढे २०१४ साली सरकारनं किशोरवयीन मुलांसाठी जो आरोग्य कार्यक्रम काढला, त्यातही गावागावात मुलांमधूनच ‘साथिया’ निवडायचे ठरवले. कॉलेजांत एचआयव्हीबद्दल जागृती करणारे मुलांचे रेड रिबन क्लब असतात, तेही याच विचारातून. तेव्हा डॉक्टर आणि तुमचा मुलगा एकाच कामाची दोन टोकं धरून आहेत. तपासणी, निदान, औषध हे डॉक्टरांचं. आणि त्या दारापर्यंत येण्याचं धैर्य मिळतं ते मित्राकडून.

मुलं बिघडतील ही भीती जुनी आहे आणि ती एकट्या तुमची नाही. २००७ च्या सुमारास शाळेतल्या लैंगिक शिक्षणाच्या पुस्तकांवरून इतका गदारोळ झाला की आपल्या गुजरातनं, तिकडे महाराष्ट्रानं आणि आणखी काही राज्यांनी तो कार्यक्रम नाकारला. ‘सांगितलं की करतील’ हेच कारण तेव्हा दिलं जात होतं. जगभरातले अभ्यास पाहून युनेस्कोनं २०१८ साली सुधारलेली मार्गदर्शिका काढली, तिचा निष्कर्ष उलट आहे: नीट माहिती मिळालेली मुलं लैंगिक संबंध लवकर सुरू करत नाहीत, उलट सुरू केले तर काळजी घेतात. आणि न सांगण्याचा परिणाम आपण पाहतोच आहोत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एचआयव्हीबद्दलची पुरेशी, नेमकी माहिती असलेल्या स्त्रिया शंभरात बावीससुद्धा भरल्या नाहीत. पुरुष शंभरात एकतीसच्या आसपास. म्हणजे तुमच्या पोळीतल्या दहा मोठ्या माणसांत तीनजणंही तुमच्या मुलाइतकं नीट सांगू शकणार नाहीत. हे मी तुम्हाला हिणवायला लिहीत नाही. आपल्याला कुणी सांगितलंच नाही, ते तरी कुठून येणार?

लागणीचं लगेच सांगून टाकते, कारण आईच्या पोटातला गोळा या एका गोष्टीनं उतरतो. एकत्र बसण्यानं, एका ताटात जेवण्यानं, गळाभेटीनं, डास चावण्यानं, एकच संडास वापरण्यानं एचआयव्ही होत नाही. तो जातो असुरक्षित संबंधातून, बाधित रक्तातून, दुसऱ्यानं वापरलेल्या सुईतून, आणि आईकडून बाळाला गर्भारपणात, बाळंतपणात किंवा दुधातून. तुमचा मुलगा ज्यांच्याबरोबर चहा पितो त्यांच्यातल्या एखाद्याला एचआयव्ही असेलही. चहानं त्याचं काही बिघडत नाही. शिवाय आजचा एचआयव्ही माझ्या मामेभावाचा एचआयव्ही नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकार औषधं मोफत देतं. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर त्या माणसाकडून संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. भाऊ पाच-सहा वर्षं तगला असता तर, असं माझ्या मनात अजून येतं.

आता तुमच्या काळजीतला जो भाग मला अगदी खरा वाटतो, त्यावर जरा थांबते. तो भाग म्हणजे रात्री एकचे फोन. जाऊबाईंच्या बोलण्यापेक्षा मला त्याची जास्त चिंता वाटली. वीस वर्षांचा मुलगा दुसऱ्यांची गुपितं घेऊन गच्चीवर उभा असतो. कुणी रडतं, कुणी म्हणतं घरी कळलं तर जीव देईन. तो खाली येतो, झोपतो, सकाळी कॉलेजला जातो, आणि हे तो कुणाकडे उतरवतो? समवयस्कांच्या कामाचं कौतुक करणारे हा प्रश्न पुष्कळदा विसरतात. ‘तरुणाई पुढे आली’ म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि पोरांना वाऱ्यावर सोडून द्यायचं, याला मी काम म्हणत नाही.

अभ्यासही हेच सुचवतात. विकसनशील देशांतल्या तीस अभ्यासांचा एकत्र आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. समवयस्कांनी शिकवल्यावर माहिती वाढली, कंडोमचा वापर वाढला, सुया वाटून घेणं कमी झालं, हे त्यात स्पष्ट दिसलं. पण गुप्तरोगांचं प्रमाण त्याच मापानं उतरल्याचं दिसलं नाही. माझा त्यातून काढलेला अर्थ असा: नुसतं बोलणं पुरत नाही. बोलण्याच्या मागे तपासणी, उपचार, समुपदेशक आणि कामावर लक्ष ठेवणारं मोठं माणूस लागतं. मुलगा हा पूल आहे, आणि पुलाला दोन्हीकडे खांब नसले तर तो वाकतो.

म्हणून ‘थांबवू का’ याचं माझं उत्तर आहे: आधी खांब आहेत का ते पाहा. त्या संस्थेत जा. जाऊन भांडू नका, पालक म्हणून भेटायची वेळ मागा. या मुलांचं काम कोण पाहतं, त्या माणसाचं नाव आणि नंबर विचारा. महिन्यातून एकदा तरी ती मुलं एकत्र बसून आपलं ओझं मोकळं करतात का? अवघड माणूस समोर आला तर ते कुणाच्या हाती सोपवतात? जाण्यायेण्याचा खर्च कोण देतं? परीक्षेच्या महिन्यात सुट्टी मिळते का? आणि एक प्रश्न न विसरता विचारा: अठरा वर्षांखालचं मूल मुलाकडे आलं तर नियम काय? लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, २०१२ पासून. तो भार वीस वर्षांच्या मुलानं एकट्यानं पेलायचा नाही. अशा मुलाला त्यानं ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही द्यायचं नाही. त्याच दिवशी संस्थेतल्या जबाबदार माणसाला गाठायचं. या प्रश्नांना संस्थेनं सरळ उत्तरं दिली, तर तुमचा मुलगा चांगल्या हातात आहे. ‘अहो, मुलं सांभाळून घेतात’ असं कुणी म्हणालं, तर मात्र मी तुमच्या बाजूनं उभी राहीन आणि म्हणेन, तिथलं काम थांबवा, दुसरी नीट संस्था शोधा.

फोनचा एक नियम घरात बसून दोघांनी ठरवा. रात्री दहानंतर फोनवरचं बोलणं बंद, आणि जो फोन करेल त्याला १०९७ हा नंबर आधीच देऊन ठेवलेला असेल. ही राष्ट्रीय हेल्पलाईन फुकट आहे, नाव विचारत नाही. एक अपवाद मात्र ठेवा, आणि तो का ठेवायचा हे तुम्हालाही माहीत असावं. कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, वापरलेली सुई टोचली, अशा वेळी लागण टाळणारी औषधं देता येतात. पण ती बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि मग अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. म्हणून असा फोन आला तर मुलानं गच्चीवर तासभर समजूत घालत बसायचं नाही. ‘आत्ता मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा’ एवढंच सांगायचं. ज्या मुलांना हा बहात्तर तासांचा हिशोब ठाऊक असतो ती मुलं वेळेत पोचतात. ज्यांना नसतो ती सोमवारपर्यंत थांबतात.

हे सदर इतर आईबापही वाचतात, तरुण मुलंही वाचतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. तपासणी सरकारी दवाखान्यातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात होते, सगळे आयसीटीसी म्हणतात ते. पैसे लागत नाहीत, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, संमतीशिवाय रक्त घेत नाहीत, निकाल दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. धोका घडल्यावर दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी काहीच सांगत नाही. बाधा दिसायला काही आठवडे लागतात, आणि खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. नवरात्रात पाठीवर टॅटू काढून घेणाऱ्या पोरापोरींनी सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लावावी, शाईची डबीसुद्धा वेगळी मागावी. यात लाजायचं काही नाही, गरब्याच्या रांगेत उभं राहून हे एकमेकांना सांगायला तर समवयस्कांइतकं चांगलं माणूस नाही.

आता ‘तसले लोक’. जाऊबाईंचा हा शब्द तुम्ही अवतरणात लिहिलात, म्हणजे तो तुम्हालाही बोचला असावा. मला वाटतं तुमच्या सगळ्या पत्राच्या मुळाशी एक समजूत आहे: हा आजार एका तऱ्हेच्या माणसांचा, चांगल्या घराचा त्याच्याशी संबंध नाही. ताई, एक काम करा. तुमच्या बाळंतपणाची जुनी फाईल काढा. मुलगा पोटात असताना तुमच्या रक्ताच्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांत एचआयव्हीचीही असू शकेल. त्या सुमारास गरोदर बायकांची ही तपासणी देशात सुरू झाली होती. तुमच्या घराबद्दल शंका म्हणून ती केली नव्हती, बाळ वाचावं म्हणून केली होती. देशात सुमारे पंचवीस लाख माणसं आज एचआयव्हीसह जगतात, मोठ्या माणसांत ढोबळमानानं पाचशेत एक. गणपतीच्या विसर्जनाला जी गर्दी लोटते तिच्यात ती असतात. भजनी मंडळात असतात.

आणि कमाटीबागेपाशी जे उभे होते, ते समलिंगी मुलगे असतील किंवा तृतीयपंथी असतील, तर ते तुमच्या मुलाच्या कामातलेच लोक आहेत. या शहराला हे नवीन नाही. राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००० साली लक्ष्य ट्रस्ट उभा केला, समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्ही रोखण्यासाठी, त्यांच्यातल्याच कार्यकर्त्यांच्या हातून. पाव शतक झालं. ज्या मुलाला घरातून हाकललं जाईल अशी भीती आहे, तो तपासणीला घरच्या माणसाबरोबर जाणार नाही. तो जाईल त्याच्याकडे न हसता बघणाऱ्या मित्राबरोबर. तुमचा मुलगा तिथे उभा होता, याची मला तरी लाज वाटली नाही.

आता ‘असो’.

त्याच्या पुढे दोन वाक्यं असू शकतात. एक, त्याला स्वतःला एचआयव्ही आहे का. दोन, तो त्यांच्यातलाच आहे का. दोन्ही प्रश्न आईला पडणं स्वाभाविक आहे. पण हे काम करतो म्हणजे तसं असणार, हा निष्कर्ष काढू नका; नर्सला कुणी आजारी समजत नाही. आणि दोन्हींपैकी काहीही खरं असलं, तरी उत्तर मिळवायची वाट दरडावण्यातून जात नाही. ‘तुला काही झालंय का?’ असं विचारलंत तर तो ‘नाही’ म्हणेल. खरं असो वा खोटं, ‘नाही’च म्हणेल, कारण प्रश्नातच तुमची भीती ऐकू येते आणि तो तुम्हाला जपेल. मुलं आईला फार जपतात.

त्याऐवजी त्याच्या गाडीवर मागे बसून कुठेतरी शेवउसळ खायला जा. घरात नको, यजमानांसमोर नको. विचारा, ‘तुझ्या कामात सगळ्यात अवघड काय असतं रे?’ आणि गप्प बसा. तो जे सांगेल त्यात कुणाचं नाव काढू नका. विश्वासानं सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्हीची गोष्ट त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, असा आता कायदाच आहे. २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. मुलानं तुम्हाला नाव सांगितलं नाही तर ते त्याचं शहाणपण समजा. याच कायद्यानं एचआयव्ही असलेल्या माणसाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला मनाई केली आहे, आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार धोका कमी करण्याचं जे काम केलं जातं, जसं तुमच्या मुलाच्या डिकीत सापडलं ते, तो गुन्हा धरता येत नाही. संस्थेचं ओळखपत्र मात्र त्यानं नेहमी खिशात ठेवावं.

समजा त्या दिवशी तो म्हणाला, ‘आई, मलाही आहे.’ तर उठू नका, बशी बाजूला सारू नका. त्याच्या ताटातला घास उचलून खा. हे त्याला शंभर वाक्यांपेक्षा जास्त कळेल. मग दुसऱ्या दिवशी एआरटी केंद्राचं, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथलं, बघा. उपचार लगेच सुरू करायचे असतात, आजार वाढायची वाट बघायची नसते. वडिलांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे त्याला ठरवू द्या. आणि समजा तो म्हणाला, ‘मला मुली आवडत नाहीत,’ तर त्या क्षणी तुम्हाला काही सुचणार नाही. सुचायची गरजही नाही. बसून राहा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं असे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले, वर लिहिलेला कायदा लागू झाला त्याच्या चारच दिवस आधी. कायदा पुढे गेला आहे, आपल्याला वेळ लागेल. वेळ लागतो हे त्याला सांगितलंत तरी चालेल. पण घरातून जा, असं कुणाच्या तोंडून निघू देऊ नका. आणि बहुधा तो यातलं काहीच म्हणणार नाही. म्हणेल, ‘एक मुलगा आहे, त्याचं कुणी ऐकत नाही.’ तेव्हा तुम्ही ऐका.

यजमानांच्या रागाबद्दल थोडं. त्यांच्या मनात काय आहे ते मला तुमच्या पत्रातून पुरतं कळलं नाही, पण किल्ली काढून घेतली तर काम थांबणार नाही, चोरून होईल, आणि तेव्हा तुम्हाला त्यातलं काही दिसणार नाही. संस्थेत जाताना त्यांनाही न्या. पुरुष असं बोलणं टाळतात, पण समोर रजिस्टर, नियम, डॉक्टरांचं नाव दिसलं की बरेच जण विरघळतात.

लोक बोलतील. बोलणार नाहीत असं खोटं मी सांगणार नाही. पोळीत विचारलं तर लांबलचक सफाई देऊ नका. ‘सयाजी हॉस्पिटलशी जोडलेलं आरोग्याचं काम करतो, शिकून करतो,’ एवढं म्हणा आणि भाजीचं बोला. लग्नाला अजून पाच-सात वर्षं आहेत. तेव्हा जी मुलगी याच कारणासाठी त्याला नाकारेल, तिच्या घरी तुम्हालाही तो द्यावासा वाटणार नाही. तुमच्या जाऊबाईंकडे मात्र एकदा जा. त्यांचा मुलगा बारावीत असेल, नाहीतर भाचा असेल. काही वर्षांत त्यालाही कुणीतरी लागणार आहे विचारायला.

आणि डिकीतली पाकिटं. बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हात घालवत नाही. तिथे ठेवलेलं रबर उष्णतेनं कमजोर होतं, ऐन वेळी फाटतं, आणि वरून काही दिसत नाही. खोबरेल किंवा व्हॅसलिन लावलं तरी तसंच होतं, हे त्या मुलांना बहुधा शिकवलेलं असेल, पण उन्हाचं कुणी बोललं नसावं. पाकिटांवरच्या मुदतीच्या तारखा त्याला बघायला लावा, उन्हात राहिलेली बाजूला काढायला सांगा. नवीन आणेल ती ठेवायला माजघरातलं एखादं कपाट, जिथे ऊन पोचत नाही, रिकामं करून द्या.